इरॅस्मस प्लस आणि युरोपबाहेरच्या संस्था: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणात परदेशी संस्थेबरोबर काम करायचं तर पैसा कुठून आणायचा, असं विचारणारी पत्रं माझ्याकडे सतत येतात. बोलणं फिरून फिरून युरोपियन युनियनच्या इरॅस्मस प्लस योजनेवर येतं, म्हणून हे पान मुख्यतः तिच्याबद्दल आहे. प्रश्न लोकांनी विचारलेलेच आहेत, मी फक्त सारखे प्रश्न एकत्र केले. सुरुवातीला सोपे, मग किचकट. रकमा आणि अटी २०२१–२०२७ या चक्रातल्या आहेत. योजनेची मार्गदर्शिका दरवर्षी नवी निघते, साधारण नोव्हेंबरात. अर्ज ज्या वर्षाचा, मार्गदर्शिका त्याच वर्षाची उघडा. गेल्या वर्षीची पीडीएफ संगणकावर पडलेली असते आणि घात तीच करते.

१. इरॅस्मस म्हणजे युरोपात शिकायला जाणाऱ्या मुलांची शिष्यवृत्ती ना?

१९८७ साली सुरुवात झाली तेव्हा जवळपास तेवढंच होतं. आज इरॅस्मस प्लसमध्ये शाळा, महाविद्यालयं, व्यवसाय प्रशिक्षण, प्रौढ शिक्षण, युवा कार्य आणि क्रीडा एवढं सगळं येतं. सात वर्षांचं अंदाजपत्रक सुमारे २६ अब्ज युरोंचं आहे, आणि युरोपबाहेरच्या देशांसाठी युनियनच्या परराष्ट्र निधीतून त्यात आणखी दोनेक अब्जांची भर पडते.

योजनेचे तीन मोठे भाग आहेत. पहिला माणसांच्या ये-जा करण्याचा, दुसरा संस्थांनी एकत्र काम करण्याचा, तिसरा धोरणांचा. याशिवाय युरोपियन युनियनविषयीच्या अध्यापनासाठी ‘जाँ मोने’ हा वेगळा भाग आहे. तुम्हाला माणसं पाठवायची आहेत की काहीतरी एकत्र उभं करायचं आहे, हे ठरल्याशिवाय पुढचं वाचू नका, सगळंच आपल्यासाठी आहे असं वाटायला लागतं.

२. ‘कार्यक्रमातला देश’ आणि ‘तिसरा देश’ म्हणजे काय?

सगळ्या अटी या फरकावर उभ्या आहेत. युनियनचे २७ सदस्य देश आणि सहा संलग्न देश (आइसलंड, लिश्टेनस्टाइन, नॉर्वे, उत्तर मॅसेडोनिया, सर्बिया, तुर्कस्तान) हे आतले. बाकी सगळं जग म्हणजे ‘असंलग्न तिसरे देश’. त्यांचे १४ प्रदेश पाडले आहेत. प्रदेश १ म्हणजे पश्चिम बाल्कन, प्रदेश ३ म्हणजे दक्षिण भूमध्य, ९ म्हणजे सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका, १० लॅटिन अमेरिका. भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, व्हिएतनाम, इंडोनेशिया हे प्रदेश ५ मध्ये, म्हणजे आशियात.

आपला प्रदेश क्रमांक पाठ करून ठेवा. मार्गदर्शिकेत देशांची नावं क्वचित येतात. ‘प्रदेश १ ते ३ आणि ९ ते ११’ एवढंच लिहिलेलं असतं आणि आपण त्यात नाही हे वाचताना लक्षातही येत नाही. (याचा फटका कुठे बसतो ते प्रश्न ८ मध्ये.)

३. मी एकटा शिक्षक आहे. स्वतःच्या नावाने अर्ज करू शकतो का?

नाही. अनुदान संस्थेला मिळतं, माणसाला तिच्यामार्फत.

एक मोठा अपवाद आहे, इरॅस्मस मुंडस संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम. तिथे विद्यार्थी थेट त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठांच्या गटाकडे अर्ज करतो, कोणत्याही देशातून. शिष्यवृत्ती दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. प्रवास, व्हिसा, राहणं, जेवण हे सगळं त्यातच भागवायचं. अभ्यासक्रमाचं शुल्क वेगळं द्यावं लागत नाही. अर्ज बहुधा शरद ऋतू ते जानेवारी या काळात मागवतात आणि तारखा प्रत्येक अभ्यासक्रमाच्या वेगळ्या असतात, तेव्हा मध्यवर्ती एकच तारीख शोधत बसू नका.

४. आमची संस्था युरोपबाहेर आहे. आम्ही थेट अर्ज करायचा की कुणाच्या तरी मागे उभं राहायचं?

बहुतेक दारांतून तुम्हाला भागीदार म्हणूनच आत जाता येतं. ‘सहकार्य भागीदारी’ या सगळ्यात लोकप्रिय प्रकारात समन्वयक आतल्या देशाचाच लागतो. आतल्या तीन वेगवेगळ्या देशांच्या किमान तीन संस्था लागतात आणि तुम्ही त्यांच्या वर चौथे. शिवाय तुमच्यामुळे प्रकल्पाला काय मिळतं हे अर्जात पटवून द्यावं लागतं. ते पटलं नाही तर परीक्षक फक्त तुम्हाला वगळतात आणि बाकीचा प्रस्ताव पुढे जातो. याचा अर्थ तुमचा परिच्छेद कमकुवत असला तरी युरोपातल्या भागीदारांचं फारसं बिघडत नाही, आणि म्हणून ते तो घाईत उरकतात. तो परिच्छेद स्वतः लिहा.

थेट दारं मुख्यतः दोन. एक, उच्च शिक्षणातील क्षमता बांधणी, म्हणजे बाहेरच्या देशांतल्या संस्था सक्षम करण्याचे प्रकल्प: इथे तिसऱ्या देशातलं विद्यापीठ समन्वयकही होऊ शकतं. गटात आतल्या देशांच्या संस्थांची संख्या बाहेरच्यांपेक्षा जास्त असून चालत नाही, म्हणजे तोल मुद्दामच बाहेरच्यांच्या बाजूने ठेवलाय. दोन, जाँ मोने: युरोपियन युनियनवर शिकवणारी जगातली कोणतीही उच्च शिक्षण संस्था एकटी अर्ज करू शकते. अध्यासनासाठी तीन वर्षांत कमाल ६०,००० युरो मिळतात आणि वर्षाला किमान ९० तास शिकवावं लागतं. उत्कृष्टता केंद्रासाठी कमाल १,००,००० युरो. भागीदार शोधायची कटकट नाही, प्रशासन हलकं. राज्यशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र किंवा इतिहासाचा विभाग असलेल्या विद्यापीठांनी हे दार अजून ठोठावलेलंच नसतं, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

५. अर्ज करायचा कुठे? दोन वेगवेगळी पोर्टलं दिसतात.

दोन आहेतच. काही प्रकार आतल्या प्रत्येक देशाची राष्ट्रीय एजन्सी चालवते, उदाहरणार्थ ये-जा आणि बऱ्याचशा सहकार्य भागीदाऱ्या. तिथे संस्थेला ओआयडी हा ओळख क्रमांक लागतो, जो ‘ई’ या रोमन अक्षराने सुरू होतो. क्षमता बांधणी, इरॅस्मस मुंडस, जाँ मोने हे प्रकार ब्रसेल्समधली कार्यकारी एजन्सी चालवते. तिथे पिक हा संस्थेचा नऊ अंकी ओळख क्रमांक लागतो आणि अर्ज युरोपियन आयोगाच्या निधी व निविदा पोर्टलवर होतो. दोन्हीसाठी आधी ईयू लॉगिन खातं उघडावं लागतं.

आणि हो, पिक काढण्याआधी शोध घ्या. तुमच्याच संस्थेच्या एखाद्या विभागाने पाच वर्षांपूर्वी तो काढून ठेवलेला असण्याची शक्यता दांडगी. एका संस्थेचे तीन-तीन पिक मी पाहिलेत, तिन्हींवर नावाचं स्पेलिंग वेगळं. कागदपत्रं तपासायची वेळ आली की मग धावपळ.

६. पैसे किती मिळतात?

प्रकारानुसार. छोट्या भागीदारीला ३०,००० किंवा ६०,००० युरो (यात असंलग्न देशांना प्रवेश नाही). सहकार्य भागीदारीला १,२०,०००, २,५०,००० किंवा ४,००,०००, या तीन रकमांपैकी एक निवडायची, अधलीमधली चालत नाही. व्यवसाय प्रशिक्षणातील क्षमता बांधणीला १ ते ४ लाख. उच्च शिक्षणातील क्षमता बांधणीचे तीन थर: पहिल्यात २ ते ४ लाख, दुसऱ्यात ४ ते ८ लाख, तिसऱ्यात ६ ते १० लाख. तिसरा थर देशाच्या शिक्षणव्यवस्थेत बदल करण्यासाठी आहे, तिथे संबंधित मंत्रालय गटात असावंच लागतं. व्यावसायिक उत्कृष्टता केंद्रं सगळ्यात मोठी, चार वर्षांसाठी कमाल ४० लाख युरो.

हे आकडे संपूर्ण गटाचे आहेत, एका संस्थेचे नाहीत. अडीच लाख ऐकून डोळे चमकतात, पण पाच भागीदार, दोन वर्षं आणि बैठकांचा प्रवास यांत ते वाटून पाहा.

युनियन सगळा खर्चही उचलत नाही. उच्च शिक्षणातील क्षमता बांधणीत तिचा वाटा कमाल ९० टक्के, व्यवसाय प्रशिक्षणात ८०. उरलेलं तुमचं. ते रोख भरावं लागतं असं नाही, बहुधा माणसांच्या वेळेतून निघतं, पण तुमच्या लेखा विभागाला ही गोष्ट अर्जाआधी सांगा, नंतर नको.

७. अनुदान ‘एकरकमी’ आहे म्हणतात. मग बिलं ठेवायची गरज नाही?

युनियनला बिलं दाखवावी लागत नाहीत, हे खरं. अर्जातच काम पॅकेजांमध्ये विभागायचं आणि प्रत्येक पॅकेजवर रक्कम लिहायची. पॅकेज पूर्ण झालं की ती रक्कम तुमची, तुम्ही ती विमानावर घालवली की छपाईवर, हे कुणी विचारत नाही. पण पॅकेज पूर्ण झालं नाही तर त्यातला पैसा पूर्ण किंवा काही प्रमाणात कापला जातो, मग खर्च कितीही खरा असो.

एक उदाहरण घ्या. चौथ्या पॅकेजात ‘तीन देशांत ६० प्रशिक्षकांचं प्रशिक्षण’ असं लिहिलं आणि ६०,००० युरो ठेवले. दोन देशांत ४० जणांचं झालं, तिसऱ्या देशातला भागीदार मधेच गळाला. बिलं सगळी आहेत, फोटो आहेत, हजेरीपट आहे. तरी पॅकेज अपूर्ण ते अपूर्णच. म्हणून एका पॅकेजात सगळी अंडी ठेवू नका आणि अर्जात आकडे लिहिताना हात आखडता घ्या. उत्साहाने लिहिलेला ‘६०’ हा आकडा दोन वर्षांनी तुमच्याच समोर येऊन उभा राहतो.

सहकार्य भागीदारीत व्यवस्थापनाच्या पॅकेजवर एकूण अनुदानाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि देशाच्या कायद्याप्रमाणे, संस्थेच्या लेखापरीक्षणासाठी बिलं तुम्हाला ठेवावीच लागतात. फायली फेकू नका.

८. आमची व्यवसाय प्रशिक्षण संस्था आशियात आहे. क्षमता बांधणीसाठी अर्ज करायचा आहे.

दुर्दैवाने व्यवसाय प्रशिक्षणातली क्षमता बांधणी प्रदेश १ ते ३ आणि ९ ते ११ यांच्यासाठीच आहे: पश्चिम बाल्कन, पूर्व शेजार, दक्षिण भूमध्य, सहाराच्या दक्षिणेची आफ्रिका, लॅटिन अमेरिका, कॅरिबियन. आशिया त्यात नाही. उच्च शिक्षणात मात्र आहे. ही विसंगती का, ते मला विचारू नका, पण दर वर्षी कुणीतरी अर्धा अर्ज लिहून झाल्यावर ती शोधून काढतं.

मार्ग तीन उरतात. सहकार्य भागीदारीत व्यवसाय प्रशिक्षणाच्या विषयावर भागीदार व्हा (प्रश्न ४). तुमच्याकडे पदवी किंवा पदविका स्तराचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असेल तर उच्च शिक्षणाच्या बाजूने जा, कारण योजनेच्या लेखी ‘उच्च शिक्षण संस्था’ कोण हे तुमच्या देशाचा कायदा ठरवतो. अनेक तंत्रसंस्था स्वतःला व्यवसाय प्रशिक्षणवाले समजतात आणि कागदावर उच्च शिक्षणवाले असतात. तिसरा मार्ग यजमान होण्याचा, तो पुढच्या उत्तरात.

९. आमच्या प्रशिक्षणार्थ्यांना युरोपातल्या कारखान्यात सरावासाठी पाठवता येईल?

इरॅस्मस प्लसच्या व्यवसाय प्रशिक्षण विभागातून नाही. तिथे आंतरराष्ट्रीय ये-जा एकाच दिशेने आहे: युरोपातून बाहेर. मान्यताप्राप्त युरोपीय संस्था आपल्या अनुदानाचा २० टक्क्यांपर्यंतचा भाग असंलग्न देशांत विद्यार्थी किंवा कर्मचारी पाठवायला वापरू शकते. विद्यार्थ्यांचा छोटा मुक्काम १० ते ८९ दिवसांचा, लांबचा ९० ते ३६५ दिवसांचा. अभ्यासक्रम संपून वर्ष झालेलं नसेल तर नुकते उत्तीर्ण झालेलेही येऊ शकतात.

हे ऐकून लोक हिरमुसतात, पण मला यात खरी संधी दिसते. युरोपातल्या बऱ्याच संस्थांचा तो २० टक्के हिस्सा वापरलाच जात नाही, कारण बाहेर विश्वासाचा यजमान नसतो. कार्यशाळेची सुरक्षितता, इंग्रजी बोलणारा एक पर्यवेक्षक, राहण्याची सोय आणि ‘काय शिकवणार’ याचा दोन पानी आराखडा एवढं तयार ठेवलंत तर तुम्ही रांगेत पुढे असता. पहिल्या वर्षी दोन विद्यार्थी येतात. तिसऱ्या वर्षी तीच संस्था मोठ्या प्रकल्पात तुम्हाला भागीदार म्हणून घेते. भागीदार शोधायचा यापेक्षा खात्रीचा मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

१०. आणि विद्यापीठातले विद्यार्थी?

ते दोन्ही दिशांनी जाऊ-येऊ शकतात. अर्ज युरोपातलं विद्यापीठ करतं. त्याच्याकडे इरॅस्मसची उच्च शिक्षण सनद असावी लागते, तुमच्याकडे नसली तरी चालते, त्याऐवजी दोन संस्थांमध्ये करार होतो. विद्यार्थी २ ते १२ महिन्यांसाठी, कर्मचारी ५ दिवस ते २ महिन्यांसाठी. युरोपात येणाऱ्या विद्यार्थ्याला यजमान देशाप्रमाणे दरमहा साधारण ८०० ते ९०० युरो, युरोपातून बाहेर जाणाऱ्याला ७००. वंचित परिस्थितीतल्या विद्यार्थ्याला त्यावर २५० ची भर. यजमान विद्यापीठ शिकवणी शुल्क घेत नाही.

निघण्याआधी शिक्षण करारावर तिघांच्या सह्या हव्यात: विद्यार्थी, पाठवणारी संस्था, घेणारी संस्था. त्यात कोणते विषय आणि किती श्रेयांक हे लिहिलेलं असतं. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक. परत आल्यावर ‘आमच्या नियमात हे बसत नाही’ असं विद्यार्थ्याला सांगणारी संस्था करार मोडत असते. तुमच्या परीक्षा विभागाला करार सही करण्याआधी वाचायला द्या.

११. प्रवासखर्च प्रत्यक्ष तिकिटाप्रमाणे मिळतो का?

नाही, अंतराप्रमाणे ठरलेला दर मिळतो. युरोपियन आयोगाच्या संकेतस्थळावर अंतरमापक आहे, तोच ग्राह्य. २०२४ पासूनच्या दरांत ४,००० ते ७,९९९ किलोमीटरला १,१८८ युरो आणि ८,००० च्या पुढे १,७३५. गोंधळ इथे होतो: अंतर एका बाजूचं मोजायचं, रक्कम मात्र जाण्यायेण्याची मिळून. दुप्पट अंतर टाकून वरच्या टप्प्याचा दर धरलेली अंदाजपत्रकं मी स्वतः परत पाठवली आहेत.

हे ये-जा प्रकल्पांबद्दल. एकरकमी प्रकल्पांत प्रवास पॅकेजातच धरायचा (प्रश्न ७).

१२. ‘सहयोगी भागीदार’ म्हणून आमचं नाव घालतो म्हणाले. हो म्हणू?

पैशाची अपेक्षा नसेल तर म्हणा. सहयोगी भागीदार प्रकल्पात मदत करतो, पण त्याला अनुदानातून काहीही मिळत नाही. चेंबर, उद्योगसंघ, शाळांचं मंडळ यांना ही भूमिका शोभते. तुम्ही अभ्यासक्रम लिहिणार, प्रशिक्षणं घेणार आणि तरी सहयोगी असाल, तर तुमच्या कामाचे पैसे दुसरं कुणी घेतंय. पूर्ण भागीदार आणि सहयोगी हे शब्द मराठीत बोलताना सारखेच वाटतात, म्हणून अर्जातलं पान डोळ्यांनी पाहा.

१३. निवड कशावर होते?

शंभर गुणांपैकी किमान ६०, आणि प्रत्येक निकषात निम्मे गुण हवेतच. निकष चार: विषयाची समर्पकता, आराखड्याची गुणवत्ता, भागीदारांची निवड, परिणाम. ८५ गुणांचा प्रस्तावसुद्धा एका निकषात निम्म्याखाली गेला की बाद. बहुधा घोडं ‘भागीदार’ निकषावर अडतं, कारण पाच संस्थांची वर्णनं त्यांच्या त्यांच्या संकेतस्थळांवरून उचललेली असतात आणि कोण काय करणार ते कुठेच नसतं.

आणि ६० पार झाले म्हणजे पैसे मिळाले असं नाही. यादी गुणांप्रमाणे लागते, पैसा संपतो तिथे थांबते.

१४. शेवटची तारीख असते, पण वेळ कोणती धरायची?

ब्रसेल्सची. राष्ट्रीय एजन्सीच्या अर्जांना दुपारी १२, ब्रसेल्सच्या एजन्सीच्या अर्जांना संध्याकाळी ५. बहुतेक मुदती फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात.

हे मी शिकलो ते ठेच लागून. आमच्या एका भागीदार संस्थेच्या समन्वयकाने ‘१२’ म्हणजे रात्रीचे १२ समजून दुपारी जेवणानंतर अंदाजपत्रकाची शेवटची दुरुस्ती पाठवली. मी ती उघडली तेव्हा पोर्टलवरचं बटण राखाडी झालेलं होतं. चार महिन्यांचं काम, सहा संस्था, आणि समोर एक दाबलं न जाणारं बटण. तेव्हापासून मी भागीदारांना दोन दिवस आधीची तारीख देतो आणि खरी सांगत नाही. अर्ज आधी सादर करून मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा बदलता येतो, तेव्हा अपुरा असला तरी आदल्या दिवशी एकदा सादर करून ठेवा.

१५. प्राचार्य परदेशी आहेत. उपप्राचार्यांची सही चालेल?

त्यांना संस्थेच्या वतीने सही करायचा कायदेशीर अधिकार असेल तर चालेल, आणि तो कागदावर दाखवता यायला हवा. बऱ्याच ठिकाणी तो अधिकार प्राचार्यांनाही नसतो, न्यासाच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना असतो. नोंदणीच्या वेळी ‘कायदेशीर प्रतिनिधी’ म्हणून जे नाव दिलं आणि प्रतिज्ञापत्रावर ज्याची सही आहे, ती एकच व्यक्ती हवी. हे काम अर्ज उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात उरका.

१६. एकच प्रस्ताव दोन देशांतल्या एजन्सींकडे दिला तर? कुठेतरी लागेल.

कुठेच लागणार नाही. तोच गट तोच प्रस्ताव वेगवेगळ्या एजन्सींकडे देताना सापडला तर सगळे बाद होतात. त्याच एजन्सीकडे दोनदा दिला तर शेवटचा धरतात. शिवाय सहकार्य भागीदारीत एका मुदतीत एका संस्थेचं नाव जास्तीत जास्त दहा अर्जांत येऊ शकतं, समन्वयक किंवा भागीदार म्हणून मिळून. मोठ्या विद्यापीठात एका विभागाला दुसऱ्याचा पत्ता नसतो, तिथे अकरावा अर्ज कुणाचा हे आधीच ठरवायला हवं.

एकाच कामासाठी युनियनच्या दोन निधींतून पैसे घेणंही चालत नाही. एक प्रकल्प संपल्यावर त्याच्या पुढच्या टप्प्यासाठी नवा अर्ज करणं मात्र रास्त आहे.

१७. एक सल्लागार म्हणतो, मंजूर झालं तर दहा टक्के द्या.

प्रकल्प सुरू होण्याआधीचा खर्च अनुदानात बसत नाही, आणि अर्ज लिहिणं हे त्याआधीचंच काम. म्हणजे ते दहा टक्के तुमच्या खिशातून किंवा कुठल्यातरी पॅकेजात लपवून. दुसरा प्रकार उघडच गैर. सल्ला घ्यायचा तर ठरलेली फी द्या, आणि भाषा तपासून घ्यायला द्या. प्रकल्पाची कल्पना त्याच्याकडून घेऊ नका. तीच कल्पना त्याने आणखी चौघांना विकलेली असते आणि परीक्षकाच्या टेबलावर पाचही जुळी येऊन पडतात.

१८. देश पात्र असूनही संस्था अपात्र ठरू शकते का?

हो. हंगेरी सदस्य देश आहे, पण युरोपियन युनियनच्या परिषदेने डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सार्वजनिक हित न्यासांशी आणि ते चालवत असलेल्या संस्थांशी नवे करार करायला मनाई केली, आणि तिथली अनेक विद्यापीठं अशाच न्यासांकडे आहेत. रशिया आणि बेलारूसच्या संस्था बहुतेक प्रकारांत वगळल्या आहेत. उलटंही घडतं. देश अंशतः किंवा पूर्ण बाहेर पडतो, जसा स्वित्झर्लंड २०१४ च्या सार्वमतानंतर आणि ब्रिटन ब्रेक्झिटनंतर. जुना, खात्रीचा भागीदार आहे म्हणून गृहीत धरू नका, त्या वर्षीची यादी पाहा.

१९. करार युरोत, आमचा खर्च दुसऱ्या चलनात. दर पडला तर नुकसान कुणाचं?

तुमचं. अनुदान युरोत ठरलेलं असतं, विनिमयाचा तोटा भरून मिळत नाही. बँकेचं शुल्कही बघा. समन्वयकाने तीन हप्त्यांत पाठवायचे की सहा, यावरून बराच फरक पडतो. भागीदारांमधल्या करारात हप्त्यांची संख्या, कुणाचं बँक शुल्क कोण भरणार आणि एखादा भागीदार गळाला तर त्याचा पैसा कुठे जाणार, हे तिन्ही लिहून घ्या. या कराराचा नमुना कुणी ना कुणी पाठवतं आणि सगळे न वाचता सही करतात.

२०. प्रकल्पात तयार केलेला अभ्यासक्रम आम्हाला विकता येईल?

अनुदानातून तयार झालेलं शैक्षणिक साहित्य खुल्या परवान्याखाली सगळ्यांना मोफत उपलब्ध करावं लागतं. हक्क तुमचेच राहतात, पण दार बंद करता येत नाही. आधीपासून तुमच्याकडे असलेलं साहित्य प्रकल्पात वापरणार असाल तर ते वेगळं नोंदवून ठेवा.

२१. इरॅस्मस प्लस सोडून दुसरं काही?

आहे, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. संशोधनाकडे झुकणाऱ्यांसाठी होरायझन युरोप या युनियनच्या संशोधन योजनेतले मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी कार्यक्रम, त्यातली कर्मचारी देवाणघेवाण युरोपबाहेरच्या संस्थांनाही खुली आहे. जर्मनीची डीएएडी ही १९२५ पासूनची संस्था विद्यापीठांच्या भागीदाऱ्यांना मदत करते, तिथे जर्मन विद्यापीठ सोबत हवं. ग्लोबल पार्टनरशिप फॉर एज्युकेशन सरकारांशी व्यवहार करते, एखाद्या संस्थेने तिथे अर्ज करून उपयोग नाही. बॉनमधलं युनेस्को-युनेव्हॉक हे व्यवसाय प्रशिक्षण संस्थांचं जाळं आहे. त्याच्याकडे अनुदानापेक्षा ओळखी मिळतात, आणि आधी लागतात त्या ओळखीच. तुरीनचं युरोपियन ट्रेनिंग फाउंडेशन लोकांना निधी देणारं वाटतं, पण ते मुख्यतः युनियनच्या शेजारी देशांच्या सरकारांना सल्ला देतं.

२२. २०२७ नंतर हे सगळं बंद होणार का?

चक्र संपतं, योजना नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपियन आयोगाने २०२८–२०३४ साठी इरॅस्मस प्लसला सुमारे ४०.८ अब्ज युरो सुचवले. तो प्रस्ताव आहे, त्यावर संसद आणि सदस्य देश यांची घासाघीस व्हायची आहे. २०२७ मध्ये मंजूर झालेले प्रकल्प मात्र आपल्या मुदतीपर्यंत चालतील, म्हणजे तीन वर्षांचा असेल तर २०३० पर्यंत. चक्राच्या पहिल्या वर्षी फॉर्म बदलतात, मार्गदर्शिका उशिरा येते आणि सगळेच नवखे असतात. २०२१ ची मार्गदर्शिका नोव्हेंबरऐवजी मार्चमध्ये निघाली होती आणि मुदती मेमध्ये गेल्या होत्या. तुमचा गट तयार असेल तर २०२८ ची वाट पाहू नका.